चालशे, असं मी म्हणाले

आमच्या कारखान्यातलं इंजिन बसवलेल्या तीन गाड्या बडोद्याच्या निजामपुऱ्यात आमच्याच सोसायटीत उभ्या असतात. शेजारचे भाई रविवारी गाडी धुताधुता बॉनेट उघडतात आणि मला हाक मारतात, की बेन, जरा जुओ ने, हा कसला आवाज येतोय. मी जाते, कान देते, काही नाही, सगळं बराबर आहे असं सांगते. ते खोटं नसतं. इंजिन चांगलंच आहे, त्याच्या घडणीत माझी चार वर्षं गेली आहेत. पण ते बॉनेट उघडलं की माझं डोकं तापतं. ज्या माणसाला ते इंजिन आमच्यापेक्षा जास्त कळलं होतं, त्याच्या टोकन नंबरापुढे कंपनीच्या कागदावर 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलेलं आहे. आजही आहे. ती चूक त्याची नव्हती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मिरवत नाही, पण लपवतही नाही. आजोबा खानदेशातून रेल्वेत गँगमन म्हणून आले, वडील रेल्वेतच फिटर झाले, आधी बाहेरगावी डिझेल शेडमध्ये आणि मग बदली होऊन बडोद्याला. आई सातवी पास. मी इथल्याच विद्यापीठातून मेकॅनिकल केलं. वर्गात आम्ही चार मुली होतो, आणि वर्कशॉपचे मास्तर आम्हाला लेथपासून दोन हात लांब उभं राहायला सांगायचे. नोकरी लागली तेव्हा वडील एवढंच म्हणाले, की आमच्या साहेबांच्या हातात मी जन्मात पाना बघितला नाही, तू तेवढा धर. मी धरला. वाघोडियाकडच्या त्या कारखान्यात इंजिनं तपासायच्या विभागात मी एकटीच बाई होते, आणि माझी नखं कधी स्वच्छ नसायची याचा मला अभिमान होता.

आम्ही जे बनवत होतो त्याला 'इंजिन फॅमिली' म्हणतात. आईला मी ते समजावून सांगितलं होतं. एका सिलिंडरचं माप एकदा पक्कं करायचं. असे तीन लावले की लहान गाडीचं इंजिन, चार लावले की मोठ्या गाडीचं. पिस्टन तोच, वॉल्व्ह तेच, जुळणीची लाइनही तीच. आई म्हणाली, म्हणजे थोरल्याचे कपडे धाकट्याला. मी म्हटलं, अगदी तसंच. आणि दोघांच्या कुशीला एकेक टर्बो.

टर्बो म्हणजे एक बोटभर दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चाक फिरवतो. त्या जोरावर दुसरं चाक बाहेरची हवा इंजिनात कोंबतं, म्हणून एवढंसं इंजिन मोठ्या इंजिनाची ताकद दाखवतं. तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. एवढ्या वेगात तो धातूवर टेकून चालतच नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल नसलं तर धातू धातूला घासतो आणि आत चरा पडतो. चरा पडलेला टर्बो लगेच मरत नाही. गाडी गिऱ्हाइकाकडे जाते, फिरते, आणि काही महिन्यांनी घाटात कुठेतरी निळा धूर सोडते.

लाइनवर टर्बो बसवायची जागा एका काकांकडे होती. पन्नाशीच्या पुढचे, ठेकेदाराच्या माणसांतले, शहराच्या जुन्या वाडी भागात राहणारे. आधी कुठल्याशा पंपाच्या कारखान्यात वीस वर्षं हात काळे केलेले. ठेकेदारानं वयाकडे बघून त्यांना कायम पहिली पाळी दिली होती. आम्ही दोघंच मराठी, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते हटकून माझ्याशी मराठीत बोलायचे, तेही बडोद्याचं मराठी, दर वाक्याला 'ने' लावलेलं. मला ते 'इंजिनियरबाई' म्हणायचे. त्यात थोडी चेष्टा असायची आणि थोडं कौतुक.

टर्बोला तेल नेणारी नळी जोडायच्या आधी काका त्याच्या वरच्या भोकात कुप्पीनं तेल सोडायचे, बोटानं चाक हळूच फिरवायचे, पुन्हा दोन थेंब सोडायचे आणि मगच नळी घट्ट करायचे. म्हणजे इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा पंपाकडून तेल येईपर्यंत दांडा कोरडा राहत नाही. कागदावर याचं नाव 'प्री-ऑइलिंग'. काका म्हणायचे 'टाळू भरणं'. तान्ह्या बाळाच्या टाळूवर तेल घालतात तसं. पुढे पुढे लाइनवरची गुजराती, बिहारी सगळी मंडळी तोच शब्द वापरायला लागली. आपण काय बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, पण करत सगळे होते.

मग गाडी बाजारात आली आणि चालली. इंजिनांची मागणी वाढली. साहेबांनी, म्हणजे उत्पादनाच्या मुख्य साहेबांनी, प्रत्येक जागेवर स्टॉपवॉच घेऊन माणूस उभा केला. सगळ्यात हळू जागा निघाली टर्बोची. तिथं काका बोटानं चाक फिरवत बसलेले आणि मागे अख्खी लाइन थांबलेली. टाळू भरणं काढून टाकलं तर लाइन पळणार होती, म्हणून मला दोन इंजिनं तशीच, तेल न भरता सुरू करून बघायला सांगितलं. मी केली. दोन्ही सुरू झाली, आवाज साफ होता, तेलाचा दाब काही सेकंदांत आला, धूर नाही. टर्बो खोलून आतला दांडा बघायचा तर अजून दोन दिवस हवे होते. ते मिळाले नाहीत.

उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची, सुट्टी संपल्यावर मीटिंग झाली. टेबलाभोवती पंधरा माणसं. साहेबांनी कागदावरून मान वर करून मला विचारलं, "बेन, आना वगर इंजिन चालशे?" टाळू भरल्याशिवाय चालेल का, असं.

मी म्हणाले, "चालशे."

साहेब म्हणाले, बस, थई गयुं, झालं, आणि त्यांनी पुढचा विषय काढला.

मराठीतही हीच भानगड आहे. इंजिन चालेल का? चालेल. असं केलं तर चालेल का? चालेल. शब्द तोच. मला इंजिनाबद्दल विचारलं आहे असं समजून मी इंजिनाबद्दल उत्तर दिलं. साहेबांना हवी होती ती परवानगी, आणि तीही त्याच शब्दात मिळाली. बराच काळ मी लोकांना हे असंच सांगत आले. ऐकणाऱ्याला पटतं, सहानुभूती मिळते. पण हे अर्धं आहे. 'चालशे, पण खोलून बघू द्या' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते बोलले नाही, कारण साहेबांनी एवढ्या माणसांत पहिल्यांदाच मला काही विचारलं होतं, आणि 'पण' म्हणणारी माणसं त्यांना आवडत नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. एका शब्दात ठाम उत्तर देणारी इंजिनियर दिसायचं होतं मला. दिसले.

चार दिवसांनी मीटिंगचा कागद इंग्रजीत आला. त्यात माझ्या 'चालशे'चं 'ॲक्सेप्टेबल' झालं होतं, आणि खाली माझी सही हवी होती. इंग्रजी मला येतं. न समजता सही केली असं म्हणायला मला जागा नाही. वाचलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी काकांच्या जागेवरून कुप्पी उचलून नेली आणि भिंतीवरच्या कामाच्या शीटमधून प्री-ऑइलिंगची ओळ गेली. जेवणाच्या सुट्टीत काका टेस्ट सेलच्या, म्हणजे मी इंजिनं चालवून बघते त्या खोलीच्या, दाराशी येऊन उभे राहिले.

"इंजिनियरबाई, टाळू न भरता काढायचं ने पोराला बाहेर? आणि तू हो म्हणालीस?"

मी त्यांना पंपाचं गणित सांगायला लागले, की तेल काही सेकंदांतच पोचतं, मोजून बघितलंय मी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते काही सेकंद तू त्याच्या जागी फिरून बघ," म्हणाले, आणि डबा खायला गेले.

उन्हाळा गेला, पावसाळा अर्धा झाला, आणि टर्बो परत यायला लागले. आधी एक, मग तीन, मग खोक्यात भरून. दांडा ढिला, बेअरिंगमध्ये चरे, तेल गळून धूर. वरच्या ऑफिसातून फोन सुरू झाले. साहेबांनी चौकशीची टीम नेमली, तिच्यात मला घेतलं नाही. टीम लाइनवर फिरली आणि पहिल्याच दिवशी तिला हवं ते सापडलं. काकांच्या जागेवर, पान्यांच्या ट्रेखाली, खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली होती आणि तिच्यात तेल होतं.

काका इतके महिने गुपचूप टाळू भरत होते. तेल पुढच्याच जागेवर, जिथं इंजिनात तेल भरतात, तिथल्या नळाचं. म्हणजे तेच तेल, जे पाच मिनिटांनी त्याच इंजिनात जाणार. हात इतका वेगानं चालवायचे की स्टॉपवॉचवाल्याला पत्ता लागला नाही. पण अहवालात आलं ते असं, की ऑपरेटरनं मंजूर नसलेलं बाहेरचं तेल टर्बोमध्ये टाकल्यामुळे बिघाड झाला. ऑपरेटरची चूक. पुढे टोकन नंबर. अहवाल आला त्याच दुपारी काकांचा गेटपास काढून घेतला. बस सुटायला अजून तीन तास होते, म्हणून ते गेटाबाहेर रस्त्याच्या कडेला बसून राहिले. पाणी प्या असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. मी आत होते आणि मला माहीतच नव्हतं, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला खिडकीतून दिसत होते ते.

मी परत आलेल्या इंजिनांचे नंबर काढले. प्रत्येक इंजिन कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत जुळलं हे कॉम्प्युटरमध्ये असतं. एकूण एक दुसऱ्या पाळीतलं. पहिल्या पाळीतलं, काकांच्या हाताखालून गेलेलं, एकही नाही. हे शोधायला मला अर्धा तास लागला. चौकशीच्या टीमला आठवड्यात सापडलं नव्हतं. सापडलं नव्हतं म्हणजे शोधलं नव्हतं.

यादी घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती बघितली.  ओरडले नाहीत, उलट चहा मागवला. काका बरोबर होते असं धरलं तर प्री-ऑइलिंग काढणं चूक ठरतं, हे ते गणिताच्या मास्तरासारखं सांगत गेले. आणि प्री-ऑइलिंग कुणाच्या शब्दावर काढलं? त्यांनी कपाटातून मीटिंगचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"सही तो तमारी छे, बेन," ते म्हणाले. "विचारी जोजो."

विचार करून बघा. आठ दिवस मी विचारच करत बसले. ठेकेदाराच्या एका माणसासाठी पदवीच्या जोरावर मिळालेली नोकरी घालवायची का, एवढा साधा हिशेब मी आठ दिवस घोळवला. यातला शब्दन् शब्द लिहिताना मला माझी लाज वाटते, पण माझ्या लाजेपेक्षा साहेबांवरचा राग मोठा आहे. काकांना दोषी ठरवलं आणि मला भित्री ठरवलं, आणि दोन्ही एकाच अहवालानं.

घरी मी शेवटी वडिलांना सांगितलं. डिझेल शेडमध्ये त्यांनी याच्या दसपट मोठे टर्बो हाताळलेले. ते म्हणाले, आम्ही इंजिन बंद केल्यावर घड्याळ घेऊन उभे राहायचो. टर्बोची घरघर किती वेळ टिकते ते मोजायचं. वेळेआधी थांबली तर आत काहीतरी धरतंय, गाडी सोडायची नाही. स्टेशनमास्तर येऊन शिव्या घालायचा, गाडीला उशीर होतोय म्हणून. घालू द्यायचो. मग मी मीटिंगचं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "'पण' का नाही म्हणालीस?"  

दुसऱ्या दिवशी मी वाडीत गेले. काकांचं घर एका पोळात, जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत, वरच्या मजल्यावर, जिन्याला दोर बांधलेला. काकूंनी पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. काकांनी एका शिलाईमशिनवाल्याकडे काम धरलं होतं. हाताला काम मिळतंच, म्हणाले. मी त्यांना पाळ्यांची यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती बोट ठेवून वाचली आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"मी लपवून घातलं ने, ते कबूल. त्याला शिक्षा करा. पण मी खराब तेल घातलं म्हणतात. मी. टर्बोत. ती ओळ काढ, पोरी. मला बाकी काही नको."

त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, आणि यावेळी एकेक शब्द तपासून. दोनच इंजिनांवर चाचणी झाली, टर्बो खोलून बघितला नाही, खोलायला वेळ दिला नाही, तरी मी संमतीच्या कागदावर सही केली, ती माझी चूक. बिघडलेली सगळी इंजिनं दुसऱ्या पाळीतली आहेत. ऑपरेटरनं वापरलेलं तेल मंजूर तेलच होतं, आणि ते घातलं म्हणूनच त्याच्या पाळीतली इंजिनं टिकली. अहवाल दुरुस्त करावा. एक प्रत साहेबांना, एक मुख्य ऑफिसच्या क्वालिटी विभागाला.

पुढे काय झालं ते ऐका. पंधरा दिवसांत प्री-ऑइलिंग परत आलं. टर्बोच्या जागेवर चकचकीत यंत्र बसलं, बटण दाबलं की मोजून तेल सोडणारं. भिंतीवर रंगीत फोटो लावलेलं नवीन शीट. वर्षाच्या शेवटी त्याच सुधारणेबद्दल साहेबांच्या टीमला स्टेजवर बोलावून ढाल दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले, शेजारच्यानं कोपर मारलं तरी. माझी बदली तोपर्यंत वॉरंटीच्या कागदांच्या विभागात झाली होती, जिथं पाना लागत नाही.

आणि अहवाल? तो 'बंद' झालेला आहे, आणि बंद झालेला अहवाल उघडायची पद्धत नाही, असं उत्तर आलं. पद्धत नाही. इंजिन उघडता येतं, टर्बो उघडता येतो, माणसाची बॅग गेटावर रोज उघडता येते. चार पानांचा कागद तेवढा उघडता येत नाही.

मात्र साहेब म्हणाले, माणुसकी म्हणून काकांना परत घेऊ. ठेकेदारामार्फत, दुसऱ्या जागेवर, पॅकिंगला. फक्त त्यांनी एक माफीनामा द्यायचा, मंजूर नसलेलं तेल वापरलं, पुन्हा करणार नाही. कागद टाइप करून तयार होता. तो नेऊन सही आणायचं काम त्यांनी मला दिलं, कारण तमारा माणस छे ने, तमारी भाषाना. मी तो नेला. का नेला? मला वाटलं, निदान नोकरी तरी परत मिळेल, निवड काकांची काकांना करू दे. आज वाटतं, तो तिथंच साहेबांच्या टेबलावर फाडायला हवा होता.

काकांनी कागद उजेडाकडे धरून वाचला. गुजरातीत होता, त्यांना सगळं कळलं. त्यांनी तो घडी न करता माझ्यापुढे सरकवला, वर माझंच पेन ठेवलं.

"तूच कर ने सही," ते म्हणाले. "तुला सवय आहे."

काकूंनी आतून त्यांना दटावलं, घरी आलेल्या पोरीला असं बोलतात का म्हणून.  पण ते खरं होतं. मी कागद उचलला आणि जिन्याचा दोर धरून खाली उतरले.

कागद सहीविनाच साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, सही मिळणार नाही, आणि मागायचा तुम्हाला हक्कही नाही. हे मी मराठीत बोलले. त्यांना नीट कळलं, बडोद्यात जन्म गेलाय त्यांचा.

मी अजून तिथंच नोकरी करते. लोकांना वाटतं, एवढा राग आहे तर सोडत का नाहीस. सोडली तर ती ओळ काढा म्हणून मागे लागणारं आत कुणी उरणार नाही. दर तीन महिन्यांनी मी अहवाल दुरुस्तीचा अर्ज देते, सोबत पाळ्यांची यादी जोडते. आधीच्या तिन्ही अर्जांना तेच उत्तर आलं, अक्षर न बदलता. चौथा गेल्या सोमवारी दिला. क्लार्क म्हणाला, बेन, फरी पाछुं? मी म्हटलं, हो, परत, आणि पोच दे त्याची, शिक्का मारून.